लाळेची नळी कोण बनवणार?

लेखमाला : नमुना ते निकाल – लेखांक सहावा

मागच्या लेखांकात नाकात घालायच्या काडीचा विषय झाला, आता लाळेकडे वळू. रोगनिदानाची गोष्ट निघाली की लक्ष थेट प्रयोगशाळेतल्या यंत्राकडे जाते. मशीन कुठले, किट कुणाचे, रिपोर्ट किती तासांत, एवढ्यावर चर्चा संपते. नमुना ज्यात गोळा केला ती नळी कुणाच्या खिजगणतीतही नसते. लाळेच्या तपासणीत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जी मोठी पावले पडली, ती मला विचाराल तर बहुतांशी या नळीतच पडली. तपासणीचे रसायन बऱ्याचदा आधीपासून हाताशी होते. अडले होते ते तोंडातला योग्य द्रव योग्य प्रमाणात, न बिघडता टेबलापर्यंत पोचवण्यात. हे पटले तर पुढचा मुद्दा पुण्याजवळच्या देहूरोड, भोसरी, चाकण या औद्योगिक पट्ट्याला लागू होतो. नळी, नरसाळे, झाकण, आटे ही इथल्या टूलरूमची आणि मोल्डिंगच्या शेडची रोजची कामे आहेत, आणि तरीही हा उद्योग म्हणजे डॉक्टरांचा प्रांत असे आपण धरून बसलो आहोत.

आधी लाळेचा स्वभाव पाहू. माणसाच्या तोंडात दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि तिच्यात ९९ टक्के पाणी असते. उरलेल्या एका टक्क्यात सगळी भानगड. म्युसिन नावाच्या प्रथिनांमुळे ती तार धरते, पिपेटमध्ये सरळ चढत नाही, नळीच्या कडेला चिकटून राहते. तिला फेस येतो. नळीवर दोन मिलिलिटरची रेघ असेल तर माणूस फेस रेघेपर्यंत आला की थांबतो आणि खाली प्रत्यक्षात निम्मीच लाळ असते. चिंचेची आठवण काढली की तोंडाला पाणी सुटते हे खरे, पण अशी उत्तेजित लाळ पातळ असते आणि तिच्यातल्या काही घटकांचे प्रमाण बदललेले असते. शिवाय तोंडात जिवाणू आणि पाचक रस कायमचे वस्तीला, त्यामुळे बाहेर काढलेली लाळ तशीच ठेवली तर तिचा कस उतरत जातो. डीएनए तपासणीसाठी लाळ गोळा करायचे कॅनडात विकसित झालेले एक साधन जगभर वापरले जाते. त्यात रुंद नरसाळ्यात थुंकायचे, मग त्याचे झाकण दाबून बंद करायचे. दाबताच झाकणातल्या कप्प्याचा पातळ पडदा फुटतो आणि आतला टिकवण द्रव लाळेत उतरतो. मग नरसाळे काढून टाकायचे, छोटे टोपण घट्ट बसवायचे आणि नळी हलवून टपालात टाकायची. बर्फ लागत नाही की फ्रिज. तोवर डीएनए वाचणारी यंत्रे होतीच. घरबसल्या कुटुंबाचा वंशेतिहास तपासून घेण्याचा धंदा अमेरिकेत फोफावला, त्याला या फुटणाऱ्या पडद्याचा मोठा हातभार लागला.

महाराष्ट्रातले बोलके उदाहरण सेवाग्रामचे आहे. एचआयव्हीची तपासणी म्हणजे रक्त हे आपल्याकडे ठरून गेलेले. लाळेत ती का करत नसत, याचे कारण साधे होते. ग्रंथींतून येणाऱ्या लाळेत हवी ती प्रतिपिंडे फारच थोडी असतात. पण हिरड्यांच्या कडेने रक्तातूनच पाझरणारा एक द्रव असतो आणि त्यात ती सापडतात. तेव्हा अख्ख्या तोंडातून नेमका तो द्रव उचलायचा कसा, असा प्रश्न उरला. उत्तर म्हणून आली चपट्या टोकाची एक पट्टी. वरच्या हिरडीवरून एकदा आणि खालच्या हिरडीवरून एकदा फिरवायची, छोट्या कुपीतल्या द्रवात उभी करायची आणि २० ते ४० मिनिटांच्या दरम्यान रेघा वाचायच्या. अमेरिकेत २००४ साली या पट्टीला तोंडातल्या द्रवासाठी परवानगी मिळाली. संशोधक नितिका पंत पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामच्या रुग्णालयात ४५० जणांवर पडताळून पाहिली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रक्ताच्या प्रमाणित चाचण्यांशी पट्टीचे निकाल पूर्ण जुळले आणि पहिल्या तपासणीसाठी ८७ टक्के लोकांनी सुईपेक्षा पट्टी पसंत केली. पुढच्या वर्षी तिथल्याच प्रसूतिकक्षातला अभ्यास प्रसिद्ध झाला. रात्री-अपरात्री कळा सुरू झालेल्या १२२२ बायकांनी तपासणीला होकार दिला, आणि त्यांतल्या १००३ जणींकडे आधीच्या एचआयव्ही तपासणीचे कागद एक तर नव्हते किंवा अपुरे होते. अशा घडीला निकाल तासाभरात हाती आला तर बाळाला लागण होऊ नये म्हणून औषध देता येते, सकाळपर्यंत थांबायचे म्हटले तर ती वेळ निघून जाते.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो : लाळ रक्ताची बरोबरी करू शकत नाही. आक्षेप खोटा नाही. पंत पै यांनीच २०१२ साली जगभरचे अभ्यास एकत्र करून तुलना मांडली. त्यात त्याच पट्टीची बाधित माणूस पकडण्याची क्षमता रक्तावर ९९.६८ टक्के आणि तोंडातल्या द्रवावर ९८.०३ टक्के निघाली. म्हणजे शंभर बाधितांमागे दीड-पावणेदोन जण जास्त निसटतात. लागण नुकतीच झाली असेल तर हा धोका आणखी वाढतो. रक्तपेढीत किंवा शेवटचा निर्णय देताना एवढी तूट चालणार नाही, तिथे रक्तच हवे. पण तुलना नेहमी रक्त देणाऱ्या माणसाशी का करायची? रक्ताच्या तपासणीला जो येतच नाही, त्याच्या बाबतीत सुईची क्षमता शून्य असते. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातही एका चाचणीवर निदान पक्के होत नाही, वेगवेगळ्या घडणीच्या तीन चाचण्या लागतात. मग चाळणीचे पहिले काम पट्टीला द्यायला काय हरकत आहे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या डिसेंबरात स्वतः करायच्या एचआयव्ही चाचणीची शिफारस केली, तीही याच हिशेबाने.

दुसरे उदाहरण नागपूरचे आणि जास्त ताजे. कोरोनाच्या काळात जग जिथे अडले ती वस्तू क्षुल्लक वाटावी अशी होती. नाकात खोलवर घालायची तंतुदार काडी मोठ्या प्रमाणावर बनवणारे कारखाने मोजकेच, त्यांतला एक इटलीत, नेमका साथीने होरपळलेल्या लोंबार्डीत, आणि दुसरा अमेरिकेच्या मेन राज्यात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनेही (एनसीएल) २०२० मध्ये देशी काडी विकसित करण्याचे काम अंगावर घेतले. दांड्याचे प्लास्टिक कोणते, टोकाचे तंतू कसे, चिकटवण कोणती यावर तिथल्या रसायनतज्ज्ञांनी डोके चालवले. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेतल्या कृष्णा खैरनार यांच्या गटाने काडीच वगळली. मिठाच्या पाण्याची नळी रुग्णाच्या हातात द्यायची, त्याने त्या पाण्याने गुळण्या करून ते परत त्याच नळीत सोडायचे. प्रयोगशाळेत त्यात एक द्रावण मिसळायचे आणि मिश्रण तापवायचे, मग आरएनए वेगळा काढायच्या महागड्या किटची गरज उरत नाही. निकाल साधारण तीन तासांत. मे २०२१ मध्ये आयसीएमआरने या पद्धतीला मान्यता दिली. पुढची आरटीपीसीआर तीच, मशीनही तेच. फरक पडला तो नमुना गोळा करण्यात. पीपीई घालून रुग्णासमोर उभा राहणारा प्रशिक्षित माणूस लागेनासा झाला, आणि खेड्यातल्या किंवा कारखान्याच्या गेटवरच्या माणसाला आपला नमुना आपणच देता येऊ लागला.

इथे माझ्या म्हणण्यावर खरा घाव घालणारा पुरावा मांडायला हवा. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाच्या लाळ-चाचणीला आपत्कालीन परवानगी मिळाली. तिला खास नळी लागतच नव्हती. टिकवण द्रव नाही, पडदा नाही, कुठल्याही निर्जंतुक डबीत थुंकले तरी चालत होते. मग साधनातला शोध कुठे राहिला? पण डबी साधी चालते हे त्यांना गृहीत धरता आले नव्हते. काहीही न मिसळता ठेवलेल्या लाळेत या विषाणूचा आरएनए खोलीच्या तापमानाला अनेक दिवस टिकतो, हे त्यांना आधी मोजून दाखवावे लागले. नळीत काय नको हे ठरवायलाही नळीचाच अभ्यास करावा लागला. आणि ही सूट त्या विषाणूपुरती होती, कॉर्टिसोलसारख्या संप्रेरकाला ती आपोआप लागू पडत नाही. ताण मोजण्यासाठी कॉर्टिसोल पाहतात तेव्हा कापसाचा बोळा चघळून नळीत टाकतात आणि नळी गरगर फिरवून लाळ वेगळी करतात. तोच कापूस टेस्टोस्टेरॉनच्या मापनात घोळ करतो. शिवाय कॉर्टिसोल उठल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात चढते आणि दिवसभर उतरत जाते. आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्या कामगाराने नमुना घड्याळात किती वाजता दिला, एवढ्यावर भागत नाही, उठल्यापासून किती वेळाने दिला ते कळायला हवे. लोक वेळ मागाहून आठवून लिहितात. वेळ नोंदवणारी झाकणे वापरलेल्या अभ्यासांत लिहिलेली आणि प्रत्यक्षातली वेळ बऱ्याचदा जुळली नाही. म्हणजे तिथे झाकणालाही काम आहे.

साधन बिघडले तर काय होते, याचा जर्मनीतला दाखला आपल्या औद्योगिक पट्ट्यातल्या प्रत्येक क्वालिटी इन्स्पेक्टरने वाचावा असा आहे. २००७ साली हाइलब्रॉन शहरात एका तरुण महिला पोलिसाचा खून झाला. तिथे सापडलेला एका अनोळखी बाईचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स मिळून चाळीसेक गुन्ह्यांच्या ठिकाणी आढळला. खून, घरफोडी, गाडीचोरी, कशाचा कशाला मेळ नाही. पोलीस त्या बाईचा माग काढत राहिले आणि २००९ साली उलगडा झाला की अशी गुन्हेगार नव्हतीच. डीएनए होता नमुन्याचे बोळे तयार होऊन पॅक होतात तिथल्या एका कामगार बाईचा. बोळे निर्जंतुक होते, पण निर्जंतुक करताना जंतू मरतात, डीएनए शाबूत राहतो. त्यानंतर २०१६ साली अशा साहित्यासाठी आयएसओ १८३८५ हे वेगळे मानक आले. यंत्र चोख होते, रसायन चोख होते. दगा दिला तो कापसाने, आणि वर्षानुवर्षांचे धागेदोरे फुकट गेले.

आता आपल्याकडचा आक्षेप, जो परदेशी लेखांत सापडणार नाही. इथली तोंडे तंबाखूची आहेत. कंपनीच्या गेटवर तळहातावर चुना मळणारे, गालात मावा धरणारे, सकाळी मिश्री लावणाऱ्या बायका. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, ती कितपत पाळली जाते ते कोणत्याही टपरीमागची भिंत सांगेल. चुना अल्कधर्मी, काताचा रंग लालसर, आणि पट्टीवरची वाचायची रेघही लालसरच. मग लाळेच्या चाचण्या इथे टिकणार कशा? खाल्ल्या-चघळल्यानंतर अर्धा तास थांबवायचे हे नेहमीचे उत्तर, आणि कागदावर ते ठीक आहे. पण ज्याच्या गालात दिवसभर काही ना काही असते त्याला अर्धा तास कुठून आणायचा? म्हणून नमुना नीट आला की नाही हे साधनानेच सांगावे लागते. सेवाग्रामला वापरलेल्या पट्टीत ही सोय आहे. तिची नियंत्रण-रेघ माणसाची प्रतिपिंडे आत आली तरच उमटते, नुसते द्रावण चढून भागत नाही. कोरोनाच्या बऱ्याच आरटीपीसीआर किटमध्ये माणसाचा एक जनुक सोबत तपासतात तो याचसाठी. तेव्हा तंबाखू ही लाळेविरुद्धची सबब धरण्यापेक्षा आराखड्यातली अट धरली पाहिजे. परदेशी साधन ही अट समोर ठेवून बनलेले नसते, आणि इथल्या कारागिराला संधी आहे ती नेमकी इथे.

कारागिराला जमेल का, हा शेवटचा आक्षेप. मोटारीचे भाग बनवणाऱ्याने औषधाच्या वाटेला जाऊ नये, असे बरेच जण म्हणतात. पण लॉट नंबर, ट्रेसेबिलिटी, प्रत्येक मोल्डचा इतिहास ही शिस्त वाहन उद्योगाने या पट्ट्याच्या अंगी बाणवली आहे. मोल्डिंगला फ्लॅश राहिला की झाकण गळते हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही. नवे शिकायचे ते वेगळेच : स्वच्छ खोली, मोल्डला मारायच्या सिलिकॉन स्प्रेचा अंश नमुन्यात न उतरणे, हाताळणाऱ्याच्या बोटांवरचे आरएनए नासवणारे विकर लांब ठेवणे, आयएसओ १३४८५ची कागदपत्रे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ प्रमाणे नमुना ठेवायची साधी नळी कमी जोखमीच्या गटात बसते. एचआयव्हीच्या किटला लागणारा परवान्याचा डोंगर तिला चढावा लागत नाही, म्हणजे सुरुवात तिथून करता येते. देहूरोड स्टेशनातून जाणाऱ्या लोकलच्या एका टोकाला लोणावळा आहे, जिथल्या मायलॅबच्या कारखान्यातून २०२१ साली नाकाच्या नमुन्यावर घरी करायची कोविसेल्फ चाचणी बाहेर पडली, किंमत २५० रुपये. दुसऱ्या टोकाला पुणे, तिथे एनआयव्ही ही विषाणू संशोधन संस्था आणि एनसीएलच्या आवारातले, नवउद्योगांना आधार देणारे व्हेंचर सेंटर. एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था तर भोसरीच्या एमआयडीसीतच आहे, टूलरूमच्या शेजाराला.

मग अडते कुठे? माझ्या मते मोल्डवाल्याला तपासणीसाठी तोंडे मिळत नाहीत, इथे. गाडीचा भाग पास-नापास करायला गेज असते. लाळेच्या नळीचे गेज म्हणजे माणसे : तंबाखू खाणारी आणि न खाणारी, कवळी असलेली, मधुमेहाने तोंड कोरडे पडलेली, रात्रपाळी करून आलेली. त्यांची लाळ रीतसर संमती घेऊन, एकाच वेळी रक्ताच्या नमुन्याबरोबर गोळा केलेली आणि नोंदवलेली हवी. एकट्या शेडवाल्याला हे कधीच झेपणार नाही, कारण त्याला नैतिक समितीची परवानगी लागते, डॉक्टर लागतात, वर्षभराचा धीर लागतो. पिंपरीच्या वायसीएमसारख्या मोठ्या रुग्णालयाने, एखाद्या संशोधन संस्थेने आणि कामगार विम्याच्या दवाखान्यांनी मिळून असा संच उभा केला आणि कुणाही उत्पादकाला ठरावीक फी घेऊन त्यावर आपली नळी पारखू दिली, तर त्याचा खर्च एका मोठ्या मशीनपेक्षा जास्त होईल असे वाटत नाही. फी किती असावी आणि निकाल कुणाच्या मालकीचे, यावर भांडणे होतील. ती नळी बाजारात येण्याआधी झालेली बरी.