इन्स्टा, व्हॉट्सॲप हॅक झालंय? पासवर्ड बदलायच्या आधी हे करा

२१ सप्टेंबर २०२५ रोजी उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचं एक्स खातं हॅक झालं आणि त्यावर पाकिस्तान व तुर्कीचे झेंडे झळकले. तांत्रिक टीमने थोड्याच वेळात खातं परत मिळवलं. त्याआधी ११ ऑगस्ट २०२४ रोजी खासदार सुप्रिया सुळे यांनी आपला फोन आणि व्हॉट्सॲप हॅक झाल्याचं जाहीर केलं, कुणीही कॉल किंवा मेसेज करू नका असं सांगितलं आणि पोलिसांत तक्रार दिली.

आता आर्वी किंवा हिंगणघाटमधल्या कॉलेजच्या मुलामुलींकडे टीम कुठून येणार? पण खातं परत मिळवायचे रस्ते त्यांच्यासाठीही तेच आहेत. फक्त कोणती गोष्ट आधी करायची, हे माहीत हवं.

खातं जातं कसं?

बहुतेक वेळा कुणी पासवर्ड 'फोडत' नाही, तो आपल्याकडूनच काढून घेतला जातो. समजा, ओळखीच्या नंबरवरून मेसेज आला: "तान्हा पोळ्याच्या स्पर्धेत माझ्या भाचीला मत दे, तुला एक कोड येईल तो पाठव." तो कोड म्हणजे तुमच्या व्हॉट्सॲपची किल्ली. मेसेज पाठवणाऱ्याचं खातं आधीच गेलेलं असतं. दुसरे प्रकार म्हणजे "कॉपीराइटचा भंग झालाय, इथे लॉगिन करा" म्हणणारी खोटी लिंक, आणि लग्नपत्रिका किंवा ई-चलानच्या नावाने येणारी एपीके फाइल.

पहिलं काम: लोकांना सांगा

चोराला तुमच्या फोटोंपेक्षा तुमच्या नावावरचा विश्वास हवा असतो. "दवाखान्यात आहे, पाच हजार पाठव" असे मेसेज लगेच सुटतात. म्हणून घरच्यांना आणि जवळच्या मित्रांना थेट कॉल करा. कॉलेजच्या, गावाच्या ग्रुपवर दुसऱ्या कुणाला तरी टाकायला सांगा: "याचं खातं हॅक झालंय, पैसे पाठवू नका, लिंक उघडू नका."

दुसरं काम: ईमेल वाचवा

इथेच बरेच जण चुकतात. इन्स्टाचा पासवर्ड बदलतात, पण त्याला जोडलेला ईमेल चोराच्याच हातात राहतो. मग तो 'पासवर्ड विसरलो' दाबतो आणि पुन्हा आत येतो. त्यामुळे आधी जीमेलचा पासवर्ड बदला. गूगल खात्याच्या सिक्युरिटी पानावर अनोळखी डिव्हाइस दिसलं तर साइन आउट करा. रिकव्हरी नंबर आणि ईमेल तुमचाच आहे ना, ते बघा. जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टरही तपासा. चोराने रिकव्हरी नंबर बदलला असेल, तरी जुन्या नंबरवर ७ दिवसांपर्यंत कोड मागवता येतो. म्हणून उशीर नको.

फोनचं नेटवर्क अचानक गेलं आणि परत येतच नसेल, तर कंपनीच्या गॅलरीत जाऊन तुमच्या नावावर दुसरं सिम निघालंय का ते विचारा.

तिसरं काम: खातं परत घ्या

इन्स्टाग्राम: ईमेल बदलला गेला असेल तर जुन्या ईमेलवर इन्स्टाचा सूचनेचा मेल आलेला असतो. त्यातल्या लिंकवरून तो बदल मागे घेता येतो. मेल खरा आहे याची खात्री करून मगच लिंक दाबा. ते जमलं नाही तर ब्राउझरमध्ये 'इन्स्टाग्राम डॉट कॉम स्लॅश हॅक्ड' हा पत्ता इंग्रजीत टाका आणि विचारलेली माहिती भरा. खात्यावर तुमचे फोटो असतील तर चेहऱ्याचा व्हिडिओ सेल्फी मागितला जाऊ शकतो.

फेसबुक: तसंच 'फेसबुक डॉट कॉम स्लॅश हॅक्ड'. आधी जिथून नेहमी लॉगिन करत होता, त्याच फोनवरून प्रयत्न करा.

व्हॉट्सॲप: तुमच्या नंबरने पुन्हा रजिस्टर करा. एसएमएसने आलेला ६ आकडी कोड टाकला की चोराच्या फोनवरचं खातं आपोआप बंद होतं. त्याने टू-स्टेप पिन लावला असेल तर तुम्हाला ७ दिवस थांबावं लागेल, पण तोही बाहेरच असतो. खातं तुमच्याच फोनवर सुरू असूनही मेसेज जात असतील तर 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा आणि अनोळखी डिव्हाइस काढून टाका.

आत आल्यावर झाडझूड

नवा पासवर्ड ठेवा, सगळीकडून लॉगआउट करा, चोराने जोडलेला ईमेल, नंबर आणि ॲप काढा. मग टू-फॅक्टर सुरू करा आणि बॅकअप कोड वहीत लिहून ठेवा. संशयास्पद एपीके टाकली असेल तर आधी नेट बंद करा, गरजेच्या गोष्टींचा बॅकअप घ्या आणि फोन फॅक्टरी रीसेट करा. तोवर त्या फोनवर नवा पासवर्ड टाकू नका.

तक्रार नक्की करा

तुमचे किंवा मित्राचे पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर कॉल करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं तर ते गोठवता येण्याची शक्यता असते. पैसे गेले नसले तरी 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' वर तक्रार नोंदवा. त्याआधी स्क्रीनशॉट, चोराचा नंबर, यूपीआय आयडी आणि वेळ जपून ठेवा. प्रत्यक्ष जायचं तर वर्ध्याच्या सायबर पोलिसांकडे किंवा जवळच्या ठाण्यात जा. शिकायला नागपूर-पुण्यात असाल तरी हरकत नाही, गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही ठाण्यात खबर देता येते.

दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे: ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. तुमच्या खात्यावरून कुणाला फसवलं गेलं, तर तेव्हा खातं तुमच्या हातात नव्हतं हे दाखवायला ही तक्रारच कामी येते.

कंपनी दाद देत नसेल तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं.

दुसरा सापळा

"माझं खातं गेलं" अशी पोस्ट टाकली की खाली कमेंट येते: "या भावाने माझं परत मिळवून दिलं, मेसेज कर." हा 'भाऊ' आधी पैसे मागतो, मग ओटीपी. खातं परत देण्याची ताकद फक्त त्या कंपनीकडे असते, आणि ती त्यासाठी यूपीआयवर पैसे मागत नाही.

कुणी ब्लॅकमेल करत असेल, फोटोंची धमकी देत असेल, तर पैसे देऊ नका आणि एकटे राहू नका. मोठी ताई, मित्र, आईवडील, कुणालाही सांगा. तुम्ही लाजून गप्प राहिलात तर चोराचंच फावतं.

आज पाच मिनिटं काढा: व्हॉट्सॲपला पिन, जीमेल आणि इन्स्टाला टू-फॅक्टर. आणि घरी आईबाबांचा फोन घेऊन त्यांच्याही व्हॉट्सॲपला पिन लावून द्या.