डबा घट्ट लागतो, तरी कागद ओला का होतो? पावसात वही, कागदपत्रं कोरडी ठेवायची तर काय बघावं

नातेपुते (ता. माळशिरस) : आषाढी वारीत माउलींची पालखी बरडचा मुक्काम हलवून धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात येते आणि नातेपुत्यात मुक्कामाला थांबते. त्या रात्री पावसाची एक जोराची सर आली की राहुट्यांत आणि ट्रकच्या ताडपत्रीखाली धांदल उडते. अंथरूण भिजलं तर दुसऱ्या दिवशी सदाशिवनगरच्या रिंगणापर्यंत अंगावरच वाळतं. पण पिशवीतलं आधार कार्ड, डॉक्टरची चिठ्ठी, बीपीच्या गोळ्या, हरिपाठाची वही आणि मोबाईल यांचं तसं नसतं. चिठ्ठीवरची शाई फुटली की परगावात गोळी कोणती घ्यायची हेच कळत नाही.

हे झालं वारकऱ्यांचं. गावातल्या घरांचं दुखणं वेगळंच आहे. माळशिरस तालुका पर्जन्यछायेतला. पाऊस कमी, म्हणून छपराची आणि पेटीची काळजीही कमी. मात्र येतो तेव्हा एकदम येतो. १४ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीने पंढरपूर भागात काय झालं ते लोक विसरलेले नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराचं पाणी माढा, मोहोळ, करमाळ्याच्या गावांत घरात शिरलं. अशा वेळी धान्य जातं, जनावरं जातात आणि फडताळातली खरेदीखतं, वाटणीपत्रंही चिखलात जातात. त्यातच २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि आजोबांच्या पेटीतल्या मोडी कागदांना अचानक किंमत आली. ज्यांचे कागद वाळवीने किंवा ओलीने गेले, त्यांना ते तेव्हा कळलं.

म्हणून प्रश्न साधाच, पण कामाचा आहे. कागद ठेवायला डबा कोणता?

उघड्या माळावर ठेवलेली वही

जगात काही लोक मुद्दाम वही घराबाहेर, वर्षभर, ऊनपावसात ठेवतात. इंग्लंडमध्ये डार्टमूर नावाचा ओसाड, दलदलीचा माळ आहे. तिथे १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या आडजागी एक बाटली ठेवली. जो कोणी चालत तिथवर पोचेल त्याने आपल्या नावाचं कार्ड त्यात टाकायचं. पुढे बाटलीच्या जागी डबा आला, डब्यात वही आणि रबरी शिक्का आला आणि त्याचा छंदच झाला. त्याला लेटरबॉक्सिंग म्हणतात. डबा कुणीतरी दगडाआड लपवायचा, त्याचा माग कोड्यात सांगायचा, शोधणाऱ्याने वहीत आपला शिक्का मारायचा आणि डब्यातला शिक्का आपल्या वहीत घ्यायचा. १९९८ मध्ये ‘स्मिथसोनियन’ मासिकात त्यावर लेख आला आणि अमेरिकेतही हे वेड पसरलं.

या मंडळींनी डबे बदलून बदलून एक रीत बसवली आहे. बाहेर रबरी रिंगचा डबा, आत झिपची पिशवी, आणि वही एका पिशवीत, शिक्का दुसऱ्या पिशवीत. एक थर फुटला तरी दुसरा टिकतो. आपल्याकडे पोथी कापडात गुंडाळून पेटीत ठेवायची पद्धत होती आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद ‘रुमालां’त बांधलेले असत, तो विचारही थराचाच.

(इकडच्या पोरांना शिखर शिंगणापूरच्या डोंगरात हा खेळ खेळावासा वाटला तर जरूर खेळावा, पण यात्रेच्या किंवा वारीच्या गर्दीत बेवारस डबा ठेवू नये. पोलिसांना बोलावणं जाईल. किल्ल्यावर, देवळात दगड उकरून तर अजिबात नको.)

पाणी शिरत नाही, ओढलं जातं

बहुतेकांचा समज असा की झाकण घट्ट बसलं की झालं. स्टीलचा गोल डबा उघडताना गुडघ्यात धरून ओढावा लागतो, म्हणजे पाणी कुठून जाणार? जातं. कारण डब्यातली हवा.

दुपारी पत्र्याखाली किंवा ट्रॅक्टरच्या टपावर तापलेला डबा सहज ५० अंशांवर जातो. आतली हवा फुगते आणि फटीतून थोडी बाहेर पडते. मग वळवाची सर येते, डबा झटकन २५ अंशांवर येतो, हवा आकसते. पूर्ण बंद डब्यात एवढ्या फरकाने आतला दाब सुमारे ८ टक्के घटतो. म्हणजे पाऊण मीटर उंचीचं पाणी ओढून घेण्याइतका जोर. नेमक्या त्याच वेळी झाकणाच्या कडेला पाणी साचलेलं असतं. डबा ते पितो. रोज एकेक थेंब गेला तरी श्रावण संपेपर्यंत वहीचं लगद्यात रूपांतर होतं.

यातून दोन गोष्टी निघतात. झाकणाला रबर किंवा सिलिकॉनची रिंग हवी, नुसतं धातूवर धातू नको. आणि डबा अशा जागी हवा की तो तापणार नाही आणि झाकणाच्या फटीवर पाणी थांबणार नाही. सावली निम्मं काम करते.

बाजारात काय मिळतं

सगळ्यात बरा तो चारी बाजूंनी पट्ट्या खटकन लागणारा प्लास्टिकचा डबा, ज्याच्या झाकणात आतून पांढरी किंवा पारदर्शक रिंग असते. भांड्यांच्या दुकानात, आठवडी बाजारात मिळतो. घेताना पट्टीचं बिजागर बघावं. पातळ असेल तर उन्हाने वर्षभरात तुटतं. रिंग बोटाने दाबून बघावी, मऊ हवी. ती खाचेतून निघत असेल तर उत्तम, कारण धुता येते. खाचेत एक केस किंवा वाळूचा कण अडकला तरी तिथून पाणी जातं. मसाल्याचा जुना डबा कागदांना वापरायचा असेल तर रिंग आधी साबणाने धुऊन पूर्ण वाळवावी.

आटे असलेली बरणीही चांगली, तोंड मोठं असेल तर. मात्र कागद वाकवून घालावे लागतात आणि जुना कागद घडीवर तुटतो. मोजणीचा नकाशा, मोठी सनद यासाठी शेतीसाहित्याच्या दुकानातला पीव्हीसी पाईप कामाचा आहे. ९० किंवा ११० मिलिमीटरचा हातभर तुकडा घ्यायचा, एका टोकाला टोपी सोल्यूशनने कायमची चिकटवायची, दुसऱ्या टोकाला रबराची आट्याची टोपी लावायची. उंदराचे दातही त्यावर सहसा चालत नाहीत.

बियाण्याची पिशवी, आइस्क्रीमचा डबा, मिठाईचा डबा हे सगळं तात्पुरतं. आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण फक्त वरून बसतं, थंडी-उन्हात वाकडं होतं.

कीटकनाशकाचा, तणनाशकाचा रिकामा डबा मात्र कितीही मजबूत दिसला तरी घरात आणूच नये. औषधाचा अंश प्लास्टिकमध्ये मुरलेला असतो, कितीही विसळला तरी पूर्ण जात नाही. बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय अनेकांना आहे, हे ध्यानात घ्यावं.

पत्र्याची पेटी, म्हणजे ट्रंक, पाणी अडवत नाही. तिला फट असतेच आणि तळ गंजतो. पण उंदीर आणि वाळवीला ती अडवते, ते प्लास्टिकला जमत नाही. म्हणून पेटीच्या आत रिंगचा डबा, ही जोडी घरासाठी सगळ्यात भरवशाची. पेटी जमिनीवर न ठेवता विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवावी.

नदीकाठच्या घरांनी एक जास्तीची गोष्ट बघावी. पाच लिटरच्या हवाबंद डब्यात किलोभर कागद असतील तर डबा पुरात बुडत नाही, तरंगतो. कागद वाचतात, पण डबा वाहून भलतीकडे जातो. त्याला दोरीने तुळईला बांधावं आणि वर ऑइल पेंटने नाव, गाव, मोबाईल नंबर लिहावा.

घरीच तपासायची रीत

डबा विकत आणल्यावर कागद घालण्याआधी तपासावा. वर्तमानपत्राची एक पट्टी झाकणाच्या कडेत धरून झाकण लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर त्या बाजूला रिंग दाबली जात नाही. चारी बाजूंना बघायचं.

मग खरी परीक्षा. डब्यात वर्तमानपत्राचा चुरगळलेला कोरडा कागद घालायचा, डबा तासभर कडक उन्हात ठेवायचा आणि तापलेला असतानाच थंड पाण्याच्या बादलीत दगड ठेवून बुडवायचा. अर्ध्या तासाने काढून, बाहेरून पुसून, मगच उघडायचा. आतला कागद खडखडीत असेल तर डबा पास. फुगे येताना दिसले तर तिथेच फट आहे. नुसत्या गार डब्याची परीक्षा घेतली तर खराब डबाही पास होतो, म्हणून उन्हाची पायरी गाळू नये. दर वर्षी मृगाच्या आधी हीच परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण रबर कडक होत जातं.

मोबाईलवर आणि मोटारीच्या स्टार्टर पेटीवर आयपी ६५, आयपी ६७ असे आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा, ६ म्हणजे धूळ पूर्ण बंद. दुसरा पाण्याचा. ५ म्हणजे पाण्याची धार सोसेल, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल. बुडवून टिकतं म्हणून जोराच्या धारेतही टिकेल असं नाही, दोन्ही चाचण्या वेगळ्या. आणि ही परीक्षा नव्या वस्तूची, साध्या पाण्यात घेतलेली असते. पडून चेपलेल्या मोबाईलला हा आकडा लागू धरू नये. पाण्याने बिघडलेला फोन बहुतेक वॉरंटीत बसतही नाही. वारीत झिपच्या पिशवीवर भागतं, फक्त पिशवीतली हवा काढून घडी वरच्या बाजूला येईल अशी ठेवायची.

आतून येणारी ओल

कधी डबा चांगला, तरी कागदाला बुरशी. ओल बाहेरून आलेली नसते, आपणच कोंडलेली असते. पावसाळी हवेत डबा बंद केला की ती दमट हवा आत राहते आणि रात्री गारठली की झाकणाखाली दव धरतं. म्हणून कागद कोरड्या दिवशी, उन्हं तापल्यावर, सावलीत पसरून ठेवावेत आणि मगच बंद करावेत. बुटाच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून देऊ नयेत, इथे उपयोगी पडतात. कोरडा तांदूळ ओल फारशी शोषत नाही. कडुनिंबाचा पाला घालायचा तर खडखडीत वाळलेला, नाहीतर पाल्यातलंच पाणी कागदाला लागतं.

सगळेच कागद डब्यात कोंबायची गरज नाही. डिजिटल सही असलेला सातबारा १५ रुपयांत पुन्हा निघतो आणि त्यावर तलाठ्याची सही लागत नाही. डिजिलॉकरमध्ये सरकारी खात्याकडून आलेलं लायसन्स किंवा गुणपत्रक मूळ कागदासारखंच धरलं जातं. आपण स्वतः फोटो काढून चढवलेल्याला मात्र तो मान नाही. डब्यातली पहिली जागा जुन्या खरेदीखताला, वाटणीपत्राला, मोडी कागदाला, आजारपणाच्या फाईलला द्यावी. यांचं लॅमिनेशन करू नये, एकदा चिकटलं की सुटत नाही. गुळगुळीत थर्मल कागदावरची पावती तर डब्यातही उन्हाच्या झळीने आपोआप कोरी होते. ती आली त्या दिवशीच झेरॉक्स काढावी.

वहीत लिहिताना बॉलपेन वापरावा. जेल पेनची आणि शाईच्या पेनाची अक्षरं पाण्यात पसरतात. इंकजेट प्रिंटरचं छापील पानही पसरतं, झेरॉक्स आणि लेझर प्रिंट टिकते.

इतकं करूनही भिजलंच तर

ओली पानं ओढून सुटी करू नयेत, फाटतात. उन्हात टाकू नयेत, इस्त्री फिरवू नये. पंख्याखाली, सावलीत, मध्ये कोरा शोषणारा कागद घालून वाळवावं आणि तो कागद भिजला की बदलावा. दोन दिवसांत बुरशी धरते, तेवढ्या वेळात सगळं उरकत नसेल तर गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजच्या बर्फाच्या खणात ठेवावा. तिथे बुरशी थांबते आणि सवड मिळेल तसा एकेक गठ्ठा काढून वाळवता येतो. वाळलेले कागद लगेच डब्यात घालू नयेत, दोनतीन दिवस उघड्या हवेत राहू द्यावेत. आणि तो डबा पुन्हा वापरण्याआधी बादलीत बुडवून बघावा.