ओकलंडचा स्टुडिओ

कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ नावाचा स्टुडिओ आहे. १९७४ साली एलियास कॅट्झ हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांची चित्रकार पत्नी फ्लॉरेन्स यांनी तो सुरू केला, तोही घरच्या गॅरेजमध्ये. सरकारी संस्थांत वर्षानुवर्षं डांबलेली अपंग माणसं त्या काळात बाहेर येत होती; त्यांनी दिवसभर करायचं काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

इथे ‘हे असं काढा’ म्हणून कुणी शिकवत नाही. रंग, माती, लोकर, लाकूड हाताशी असतं आणि मदतीला कलाकारच असतात. एखाद्याने नुसतं बसून राहायचं ठरवलं, तरी चालतं.

ज्युडिथ स्कॉट अशीच बसून असे. डाउन सिंड्रोम आणि बहिरेपण. सातव्या वर्षी संस्थेत टाकलेली, तिथे ३५ वर्षं काढलेली. जुळी बहीण जॉयसने तिला बाहेर काढलं आणि १९८७ मध्ये इथे आणलं. सुमारे दोन वर्षं तिचं कशात मन रमेना. मग सूतकामाच्या वर्गात तिने काठ्या गुंडाळायला घेतल्या. पुढे हाती लागेल ते, अगदी दुकानातली ढकलगाडीसुद्धा, धाग्यांत लपेटलं. आतली वस्तू बहुतेकदा पार दिसेनाशी होई. सूत संपलं तेव्हा तिने कागदी टॉवेलांच्या गाठी मारल्या! २००५ मध्ये ती गेली. २०१४ साली ब्रुकलिन म्युझियमने तिचं मोठं प्रदर्शन भरवलं.

स्टुडिओची स्वतःची गॅलरीही आहे. कामं तिथे दयेपोटी नव्हे, रीतसर किमतीला विकली जातात आणि कलाकाराला त्यातला वाटा मिळतो.