मोटारीची किंमत : भाव, कर आणि भीड

धार-देवासकडील आपल्या अनेक कुटुंबांत मोटार येते ती निवृत्तीच्या पुंजीतून. तेव्हा तिची किंमत कशी ठरते, हे जाणून घेणे अगत्याचे आहे. विक्रेता प्रथम सांगतो ती 'एक्स-शोरूम' किंमत. कारखान्याचा भाव, विक्रेत्याचे कमिशन व जीएसटी तीतच असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल-डिझेलच्या लहान मोटारींवर हा कर १८ टक्के, तर मोठ्यांवर ४० टक्के आहे. राज्याचा वाहनकर, नोंदणी व विमा यांची भर पडली की 'ऑन-रोड' किंमत होते.

करात घासाघीस चालत नाही. मात्र उज्जैनच्या विक्रम व्यापार मेळ्यात घेतलेल्या मोटारींना २०२४ व २०२५ साली मध्यप्रदेश शासनाने वाहनकरात निम्मी सूट दिली होती, हे ध्यानी ठेवावे. विमा विक्रेत्याकडूनच घेण्याचे बंधन नाही. कमिशन, विमा, 'हँडलिंग चार्ज' आणि सजावटीचे साहित्य यांतच सवलतीला वाव असतो. महिनाअखेरीस विक्रीचा ठरलेला आकडा गाठावयाचा असला, की विक्रेताही नरमतो.

आम्ही सुचवू ते इतकेच : प्रत्येक रक्कम वेगळी लिहून मागावी, दोन विक्रेत्यांच्या याद्या ताडून पाहाव्यात आणि मगच बयाणा द्यावा. पुंजी जन्मभराची असते. ती मोजून देताना भीड कसली?