विकलेला माल परत घेतला जाणार नाहीं

ही पाटी पुष्कळ दुकानांतून वाचावयास मिळते, आणि ती पाहून भिडस्त गिऱ्हाईक सदोष वस्तु मुकाट्यानें घरीं ठेवून घेतें. आपले स्मृतिकार इतके कठोर नव्हते. खरेदीनंतर परीक्षेसाठीं याज्ञवल्क्यानें मुदती घालून दिल्या आहेत: बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, ओझ्याच्या जनावरास पांच, रत्नास सात, दुभत्या जनावरास तीन. (दासदासींसही त्यानें ह्याच मालिकेंत बसविलें आहे, हें सांगतांना संकोच वाटतो.)

अर्वाचीन कायद्याचें मर्म ऑस्ट्रेलियांतील एका खटल्यांत उत्तम दिसतें. ॲडलेडच्या डॉ. ग्रँट ह्यांनीं १९३१ सालीं लोकरी अंतर्वस्त्रें विकत घेतलीं. तीं घातल्यावर कंड सुटली आणि त्वचारोग इतका बळावला कीं कित्येक आठवडे त्यांस अंथरुणास खिळून राहावें लागलें. लोकरींत सल्फाइट नांवाचें द्रव्य राहून गेलें होतें. प्रथम त्यांस २४५० पौंड मिळाले. वरच्या न्यायालयानें तो निकाल फिरविला. अखेर १९३५ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें दुकानदार व कारखानदार ह्या दोघांसही जबाबदार धरिलें. कपडे आधीं धुवावयास हवे होते, हा बचाव टिकला नाहीं. दुकानदारानें तोंडानें कांहीं वचन दिलें नसलें, तरी अंगावर घालावयाचें वस्त्र अंगावर घालण्याजोगें असावें, ही हमी विक्रींतच गृहीत असते.

आपल्याकडील १९३० च्या मालविक्री कायद्याच्या सोळाव्या कलमांत हेंच तत्त्व आहे; मात्र वस्तु तपासून घेतली असतां जो दोष सहज दिसावयास हवा होता, त्याबद्दल हें कलम उपयोगीं पडत नाहीं.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा ह्याच्या पुष्कळ पुढें गेला आहे. पावतींत मुदत नसल्यास तीस दिवसांच्या आंत सदोष वस्तु परत घेण्यास नकार देणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. कारखानदारानें स्पष्ट हमी दिली व वस्तु तशी निघाली नाहीं, तर हमी देतांना आपण निष्काळजी नव्हतों हें त्यानें सिद्ध केलें तरी त्याची सुटका नाहीं. एकत्र कुटुंबास विशेष उपयोगाची गोष्ट अशी कीं, घेणाराच्या संमतीनें वस्तु वापरणाराही ग्राहक मानला जातो. थोरल्या दिरांनीं आणलेल्या शेगडीबद्दल ती वापरणारी धाकटी सून स्वतः तक्रार करूं शकते, आणि तीही आपण राहतों त्या जिल्ह्यांतील आयोगाकडे. दाव्याचें कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची. पांच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाहीं.

तोंपर्यंत पावती व हमीपत्र जपून ठेवावें, आणि बिघडलेली वस्तु गल्लींतील कारागिराकडून उघडवून घेऊं नये. आयोगानें ती प्रयोगशाळेकडे पाठविली, तर मूळचा दोष कोणता व मागाहून झालेली मोडतोड कोणती, हें सांगणें कठीण होतें.