'न्यूटन'चा हट्ट आणि समूहाचे मानसशास्त्र

भिलाई पोलाद कारखान्याला अनेक दशके लोहखनिज पुरविणारे दल्ली राजहरा हे खाणींचे गाव पद्मनाभपुरसह दुर्ग-भिलाईच्या रहिवाशांना परिचित आहे. दिग्दर्शक अमित मसुरकर यांच्या 'न्यूटन' या हिंदी चित्रपटाचे चित्रीकरण याच परिसरात झाले. २०१७ साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचा नायक न्यूटन कुमार याच्या वर्तनातून सामाजिक मानसशास्त्रातील तीन संकल्पना स्पष्ट होतात.

दंडकारण्यातील अवघ्या ७६ मतदारांचे मतदान नियमानुसार पार पाडण्याची जबाबदारी न्यूटनवर सोपविलेली असते. सुरक्षा दलाचा अधिकारी आत्मा सिंह याला मात्र हे काम लवकर उरकावयाचे असते.

पहिली संकल्पना समूहानुसरणाची. अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात रेषांच्या लांबीची तुलना करण्याचे प्रयोग केले. त्यांत सुमारे तीन चतुर्थांश व्यक्तींनी किमान एकदा तरी इतरांचे उघड चुकीचे उत्तर मान्य केले. मात्र योग्य उत्तर देणारा एक जरी साथीदार मिळाला, तरी हा दबाव बराच ओसरत असे. चित्रपटात स्थानिक शिक्षिका मलको ही न्यूटनसाठी काही अंशी अशी साथीदार ठरते.

दुसरी संकल्पना अल्पमताच्या प्रभावाची. आपल्या मतावर सातत्याने ठाम राहणारा लहान गटही बहुमताला विचार करावयास लावतो, असे सर्ज मॉस्कोविसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली दाखवून दिले. तथापि ठामपणा आणि ताठरपणा यांत फरक आहे. तडजोडीस मुळीच तयार नसलेल्या अल्पमताचा प्रभाव घटतो, असे गॅब्रिएल म्युन्यी यांच्या पुढील संशोधनातून दिसून आले. न्यूटनचे नेमके हेच होते. त्याचा प्रामाणिकपणा निर्विवाद आहे. पण सहकाऱ्यांचे मन वळविणे त्याला साधत नाही. अखेर उरलेल्या ग्रामस्थांना मतदान करता यावे यासाठी तोच बंदूक हाती घेतो. मुक्त मतदानाचे रक्षण धाकाने करावे लागणे, हा या कथेतील सर्वांत बोचरा विरोधाभास होय.

तिसरी संकल्पना गुणारोपणातील मूलभूत त्रुटीची. ही संज्ञा ली रॉस यांनी १९७७ साली रूढ केली. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण शोधताना आपण त्याच्या स्वभावाला अधिक आणि परिस्थितीला कमी महत्त्व देतो. आत्मा सिंह प्रेक्षकांना प्रथम केवळ उर्मट वाटतो. परंतु आपल्या जवानांच्या जिवाची जोखीम त्याच्यावर असते. शेवटी तो पत्नी व मुलीसोबत किराणा खरेदी करताना दिसतो, तेव्हा तोही चारचौघांसारखा गृहस्थ असल्याचे लक्षात येते.

नियम पाळणारा आणि नियम वाकविणारा अशा दोघांच्या या संघर्षात ग्रामस्थांना नेमके काय हवे, हे विचारावयाचे मात्र बहुतेक राहूनच जाते. दोन गटांच्या वादात तिसऱ्याचा आवाज कसा हरवतो, हे त्या ७६ मतदारांकडे पाहिल्यावर उमगते.