साक्रीहून निघालेली काळी भिंत

गावातील प्रेक्षणीय स्थळांची यादी करून आणा, असे भूगोलाच्या तासाला सांगितले की मुलांच्या वह्यांत ठराविक नावे उतरतात. देऊळ, बाग, चौकातला पुतळा, फार तर एखादा किल्ला. धुळे जिल्ह्यातील साक्रीच्या विद्यार्थ्यांनी अशी यादी केली, तर तीत बलसाण्याची प्राचीन देवळे आणि निजामपूरजवळचा भामेर किल्ला येईलच. पण या तालुक्यातील सर्वांत लांब 'वास्तू' बहुधा कोणाच्याच वहीत सापडणार नाही. ती कोणी बांधलेली नाही, आणि तिची लांबी ७९ किलोमीटर आहे.

साक्रीकडून धुळ्यावरून पुढे जळगाव जिल्ह्यातील पारोळ्यापर्यंत ही दगडी भिंत गेलेली आहे. कोठे ती टेकडीची धार म्हणून वर येते, तर कोठे शेतातल्या मातीखाली दडते. अशा भिंतीला भूविज्ञानात 'डाइक' किंवा 'भित्ती' म्हणतात. ती एकटी नाही. नंदुरबार-धुळे भागात एक किलोमीटरपेक्षा लांब अशा २१० भित्ती मोजल्या गेल्या असून त्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांची जाडी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत भरते. जवळजवळ सगळ्या अगदी उभ्या आहेत, आणि बहुतेकींची दिशा पूर्व-पश्चिम आहे.

आता प्रश्न असा, की सर्वांनी एकच दिशा का धरली?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हाचे थरावर थर पसरले. एखाद्या शंकूसारख्या ज्वालामुखीतून नव्हे, तर मुख्यतः जमिनीच्या लांबच लांब भेगांतून हा लाव्हा आला. भूपृष्ठाखालचा तप्त शिलारस दाबाने खडक फाडत निघाला. त्या वेळी येथील कवचावर उत्तर-दक्षिण ताण होता. घरी एक प्रयोग करा. ज्वारीचे किंवा बाजरीचे पीठ भिजवून त्याची जाड भाकरी थापा आणि दोन्ही बाजूंनी हळूच ओढा. (गव्हाची कणीक घेऊ नका, ती लांबत जाते आणि प्रयोग फसतो.) भेग पडेल ती तुमच्या ओढण्याच्या दिशेला काटकोनात. खानदेशातही उत्तर-दक्षिण ताणामुळे भेगा पूर्व-पश्चिम उघडल्या आणि त्यांतला शिलारस तेथेच थिजला. या भित्तींपैकी मोठ्या भित्तींतून एके काळी लाव्हाचे प्रचंड लोट पृष्ठभागावर आले असावेत, असे शास्त्रज्ञांना वाटते.

भोवतालचा खडक भित्तीहून आधीचा. तो पुष्कळ ठिकाणी कुजून मऊ झालेला आहे. त्यातल्या वायूच्या पोकळ्यांत झिओलाइट वर्गातली पांढरी खनिजे भरलेली दिसतात. कोठे हिरवट, कोठे तांबूस छटा. पावसाने हा मऊ खडक झिजवला आणि टणक भित्ती मात्र उघडी पडली. रंगांची ही गंमत बघायला उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यानंतरचे दिवस बरे. धुतलेला दगड खरा रंग दाखवतो.

भित्तीजवळ गेलात तर भिंग बरोबर ठेवा. कडेचा दगड बारीक कणांचा असतो, कारण थंड खडकाला टेकून तो झटकन निवाला. मध्यभागी स्फटिकांना वाढायला सवड मिळाली, म्हणून तेथे कण मोठे. निवण्याचा काळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० मीटर जाडीची भित्ती निवायला सुमारे वर्षभर लागले असे धरले, तर ६० मीटर जाडीच्या भित्तीला छत्तीस वर्षे लागतील. आणखी एक खूण आहे. निवताना आकसून दगडाला ज्या भेगा पडतात, त्या थंड बाजूशी काटकोन करतात. भित्तीची थंड बाजू म्हणजे तिची उभी कड. म्हणून तिच्यातले दगडी खांब आडवे पडलेले असतात, जणू सरपणाची रचलेली लाकडे!

भित्ती जमिनीत खोल उतरलेली असल्यामुळे भूजलाशीही तिचा संबंध येतो. भेगा नसलेली भित्ती पाणी अडवते, भेगाळलेली भित्ती पाणी वाहून नेते. म्हणून विहीर खोदण्यापूर्वी ती कोठून गेली आहे हे माहीत असणे फार मोलाचे. दुसरीकडे याच टणक दगडाला खडीसाठी मागणी असते. रस्ते तर हवेतच, पण फोडलेली भित्ती पुन्हा उभी राहत नाही आणि तिच्या पोटातली नोंदही जाते. निदान फोडण्याआधी तिची नोंद व्हावी, असे मला वाटते.

पाण्याचा विषय निघाला म्हणून साक्री तालुक्यातल्या दुसऱ्या खुणेकडे वळू. साक्री कान नदीकाठी आहे. कान पुढे पांझरेला मिळते. पांझरेवर शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी न्यायचे, भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड भिजवायचा हे गाव मिळून ठरवी. प्रत्येकाची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली, त्यामुळे टंचाईचा भार एकट्यावर पडत नसे. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर पंप बसले आणि पुष्कळ ठिकाणी ही पद्धत मोडली. दगडी बंधारे मात्र पाहता येतात.

नव्या खुणाही आहेत. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. २०१३ साली शिवाजीनगर येथे १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला.

शिक्षकांनी सहलीला निघताना होकायंत्र, भिंग, मोजपट्टी आणि तालुक्याचा नकाशा घ्यावा. चालू खाणीत मुलांना नेऊ नये. ओढ्याच्या काठी किंवा रस्त्याच्या खोदाईत उघडी पडलेली भित्ती पुरेशी आहे. तिची दिशा, जाडी आणि कडेच्या व मधल्या कणांतला फरक लिहा. दोन्ही बाजूंच्या विहिरींतली पाण्याची खोली शेतकऱ्यांना विचारून मे आणि ऑक्टोबर अशी दोनदा नोंदवा. नकाशावर भित्तीची रेघ काढून तिच्या उत्तरेचे आणि दक्षिणेचे आकडे वेगवेगळ्या शाईने मांडा.